मावशीचा नियम

मी एक जुना तपासनीस आहे. मला हात नाहीत, गणवेश नाही, शिट्टीसुद्धा नाही. मी फक्त चौदा ओळींचा आहे. पण माझी ओळख जरा वेळाने करून देतो, मित्रांनो. आधी मला एका मंगळवारबद्दल सांगू द्या. तो इतका साधा दिवस होता की कुणी मुद्दाम सांगितला नाही, तर तो कुणाच्याच लक्षात राहणार नाही.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला बाबा खोलीत आले. ज्यांनी मला लिहिलं, त्यांना मी बाबाच म्हणतो. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत आणि त्यांच्या पत्नींना आई, म्हणून मीही. त्यांनी खिडकी उघडली, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि भाषांची यादी काढली. दूरच्या कुठल्याशा डोंगराळ भागातून एका शिक्षिकेचं पत्र आलं होतं. आमची भाषा तुमच्या यादीत नाही, असं तिने लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, एक जाड ग्रंथ उघडून खात्री करून घेतली आणि यादीत एक ओळ वाढवली.

"झालं," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. "चाळीस हजार माणसं आत आली."

"पाय पुसून या म्हणावं," आई आतून म्हणाल्या. "आत्ताच फरशी पुसलीय."

दुपारी बाबा झोपले. संध्याकाळी सहाला मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला आहे, आणि रोज सहाला फोन करते. बाबा तिला ठमी म्हणत. ती चौतीस वर्षांची झाली तरी ठमीच.

"ठमे, गेल्या खेपेला तू छत्री घेऊन गेलीस, का इथेच राहिली?"

"घेऊन आले बाबा. जिन्यात तुम्हीच नाही का हातात दिलीत?"

"दिली का? बरं. थांब, लिहून ठेवतो."

"छत्रीसुद्धा काय लिहून ठेवायची?"

"अगं, माझा काही भरवसा नाही आता," बाबा म्हणाले, आणि हसले.

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिने विचारलं, "जेवणात काय आहे आज?" बाबांनी सांगितलं. एवढं बोलून फोन संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार आईंनी उघडलं, बाबांनी नाही. रात्री झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं.

त्या छत्रीच्या वेळी मुलगी गप्प झाली, तेव्हा तिच्या मनात एक वाक्य होतं. ते नऊ वर्षं तिच्या मनात होतं. ते बाबांना सांगायचं राहून गेलं. ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याबद्दलचंच आहे. म्हणून आता माझी ओळख करून देतो.

मित्रांनो, तुम्ही एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तुमचा फोन किंवा संगणक तिला हळूच सांगतो, "मला अमुक भाषेत दाखव." तो भाषेचं पूर्ण नाव सांगत नाही. प्रत्येक भाषेला संगणकाच्या जगात एक छोटं नाव असतं, दोन किंवा तीन अक्षरांचं. त्याला भाषेचा कोड म्हणतात. कधी कोडाच्या पुढे आडवी रेघ आणि एखाद्या प्रदेशाची खूण असते. म्हणजे "ही भाषा, पण त्या बेटावर बोलतात तशी." माझं काम एवढंच, की दारात उभं राहायचं आणि आलेला प्रत्येक कोड तपासायचा. हा खरोखरच भाषेचा कोड आहे का? असेल तर हो, नसेल तर नाही. मला हे दोनच शब्द येतात.

मी ज्या घराच्या दारात उभा असतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. पाया, जिने, नळ, दारं सगळं आधीच बसवलेलं असतं. तुम्ही फक्त भिंती रंगवायच्या आणि राहायला जायचं. एकाच सांगाड्यावर हजारो वेबसाइट उभ्या राहतात. त्यामुळे मी एकच असलो, तरी एका वेळी हजारो दारांत उभा असतो. गर्व करायचा म्हटला तर करता येईल, पण मला तसं शिकवलेलं नाही.

माझा जन्म एकवीस वर्षांपूर्वी झाला. बाबा तेव्हा एका सार्वजनिक वाचनालयात संगणकांची देखभाल करत. वाचनालयाची वेबसाइट याच फ्रेमवर्कवर उभी होती. एके दिवशी तिथे एक म्हातारे खलाशी आले. त्यांचा फोन त्यांच्या बेटावरच्या भाषेचा कोड सांगत होता. तो वेबसाइटच्या ओळखीचा नव्हता. ती गांगरली आणि कोसळली. खलाशांच्या समोर पांढरं पान आलं, त्यावर कुणालाही न कळणाऱ्या तीस-चाळीस ओळी. त्यांनी फोन बाबांच्या हातात दिला आणि स्वतःचंच काहीतरी चुकलं असावं, अशा चेहऱ्याने ते उभे राहिले.

बाबा घरी येऊन आईंना म्हणाले, "पाहुणा दारात उभा आहे, आणि आपण त्याला घराची वायरिंग दाखवतोय. शोभतं का हे?"

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला लिहायला घेतलं. त्यांचं टेबल म्हणजे दोन बुटक्या कपाटांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार होतं. कडी जिथे होती तिथे दोन भोकं होती, त्यांतून संगणकाची वायर खाली जाई. मी दारातला माणूस, आणि माझा जन्मही दारावरच झाला. त्या संगणकावर माझी एक प्रत कायम उघडी असे, त्यामुळे त्या खोलीत बोललेलं मला ऐकू येई. कसं, ते विचारू नका. आत्मवृत्तात खुर्च्यासुद्धा ऐकतात.

बाबांनी मला आधी लांबी मोजायला शिकवली. कोड फार लांब असेल तर वाचतसुद्धा बसायचं नाही. पुढे एकाने मुद्दाम पन्नास हजार अक्षरांचा कोड पाठवला. मी वाचता वाचता दमून पडावं आणि मागे रांग तुंबावी, असा त्याचा बेत होता. मी वर पाहिलंही नाही. मग बाबांनी मला अक्षरं ओळखायला शिकवली, म्हणजे कोडात काय चालतं आणि काय नाही. एकदा एक गृहस्थ भाषेचा वेष घेऊन आले आणि आतल्या खोलीतल्या फायली मागू लागले. भाषेच्या कोडात ठिपके आणि तिरप्या रेघा कशाला हव्यात? मी त्यांना दारातूनच नारळ दिला. अक्षरं लहान आहेत की मोठी, यावरून मात्र कुणाला अडवायचं नाही, हे बाबांनी मला बजावून सांगितलं होतं. घाईत माणूस कसंही लिहितो.

मग खलाशांचा प्रश्न उरला. कोड खरा आहे, पण त्या बेटावरची भाषा आपल्याकडे नाही. अशा माणसाचं काय करायचं? बाबा बराच वेळ खुर्चीत मागेपुढे झुलत बसले. आई चहा घेऊन आल्या होत्या. तेरा वर्षांची ठमी खिडकीत बसून नखं कुरतडत होती.

"त्या बेटावरची भाषा कुठल्या मोठ्या भाषेतून निघालीय का?" आईंनी विचारलं.

"हो. ती मोठी भाषा आहे आपल्याकडे. त्यांना ती वाचता येत असणार."

"मग सोपं आहे की. आई घरी नसली तर पोराला मावशीकडे पाठवायचं. माय मरो, पण मावशी जगो, असं म्हणतात ते काय उगीच?"

बाबांनी कप खाली ठेवला. "अगं, तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कशाला फुकट गेलीस?"

"लोकांना योग्य ठिकाणी जोडून द्यायचं, हेच तर करत होते तिथे," आई म्हणाल्या.

असा माझा शेवटचा नियम तयार झाला. नेमकी भाषा नसेल, तर तिच्या जवळच्या मोठ्या भाषेकडे न्यायचं. परक्या घरात सोडायचं नाही. बाबा त्याला मावशीचा नियम म्हणत. माझ्या शेजारच्या फायलीत त्यांनी माझ्यासाठी एक्केचाळीस चाचण्या लिहिल्या. चाचणी म्हणजे माझी परीक्षा. कुणी माझ्या एका अक्षराला जरी हात लावला, तरी मला पुन्हा सगळी परीक्षा द्यावी लागते. पास झालो तर हिरवा दिवा, नापास झालो तर लाल. एक्केचाळिसावी चाचणी मावशीची होती.

त्यानंतर मला मास्तरांकडे पाठवलं. मास्तर हे या फ्रेमवर्कचे मुख्य राखणदार. आधी ते शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा लिहिलं, "गिचमिड." दुसऱ्यांदा लिहिलं, "बरं आहे, पण अजून गिचमिड." तिसऱ्यांदा त्यांनी एका स्वल्पविरामासाठी परत पाठवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हा माणूस स्वर्गात गेला तर दाराचं बिजागर तपासून मगच आत जाईल." चौथ्या खेपेला मी आत गेलो. मास्तरांनी एकच शब्द लिहिला, "चालेल." बाबांनी तो कागदावर छापून भिंतीला लावला. मास्तरांचं "चालेल" मिळायला माणसं वर्षानुवर्षं थांबतात, असं नंतर कळलं.

पुढची बारा वर्षं, मित्रांनो, माझी सुखाची होती. मी बसच्या तिकिटांच्या दारात उभा राहिलो, शाळांच्या निकालांच्या दारात, दवाखान्यांच्या, हवामानखात्याच्या. माझं कुणी कौतुक केलं नाही, कारण माझं कुणाला नावच ठाऊक नव्हतं. चांगल्या तपासनिसाची हीच खूण असते. आपण आहोत हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि माणूस आपल्याच भाषेत वाचत पुढे निघून जातो. मला सांभाळायचं काम बाबांकडेच होतं; वाचनालयातून घरी आले की ते माझ्यापाशी बसत. कुणाची तक्रार असेल तर उत्तर लिहीत. नसेल तर नुसतेच माझ्या ओळी वाचत आणि पाय हलवत बसत. मला त्याचं फार बरं वाटे.

मग ठमी हे काम शिकली. कॉलेज झालं, अभ्यासक्रम झाला, आणि मास्तरांनी एका चांगल्या कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला. त्यांनी फोनवर म्हटलेलं मी ऐकलं आहे. "मुलगी बापाच्या हाताखाली तयार झाली असेल, तर मी डोळे मिटून सांगतो, घ्या." सोमवारी ती रुजू होणार होती. आधीचा आठवडा ती बाबांच्या संगणकावर काम करत होती. हात साफ व्हावा म्हणून बाबांनीच तिला सांगितलं होतं, "जरा या आमच्या म्हातारबुवांना आवरून ठेव." म्हातारबुवा म्हणजे मी.

तिने मन लावून आवरलं. चौदा ओळींच्या नऊ केल्या. तिला वाटलं, मावशीचं काम आता फ्रेमवर्कमधला दुसरा नवा भाग करतो, मग ते इथे कशाला? तिने तो नियम काढला. मग मला परीक्षेला बसवलं. चाळीस दिवे हिरवे लागले. एक्केचाळिसावा लाल.

गुरुवारची सकाळ होती. बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्ध्या तासात परत येणार होते. ती खुर्चीत बसून त्या लाल दिव्याकडे बघत होती. मला ओरडता येत नाही. लाल दिवा हेच माझं ओरडणं. तिने ती चाचणी वाचली. जुनी आहे, आता निरुपयोगी आहे, असं तिने मनाशी ठरवलं आणि काढून टाकली. मग पुन्हा परीक्षा घेतली. चाळीसपैकी चाळीस हिरवे.

बाबा आले तेव्हा त्यांचा गाल सुजला होता आणि गोळीने डोळे जड झाले होते.

"झालं बाबा. चौदाच्या नऊ केल्या."

"वा! बापालाच कात्री? दिवे?"

"सगळे हिरवे."

"मग कशाला वाचायचं. मला धड दिसतही नाहीये," असं म्हणून त्यांनी उभ्याउभ्याच काम बाहेर पाठवायचं बटण दाबलं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः चाचण्यांची फाईल थोडी आवरली होती. तेही काम अजून तिथेच पडून होतं. दोघांचं काम एकाच गठ्ठ्यात, एकाच नावाने बाहेर गेलं. ते नाव बाबांचं होतं, कारण संगणक त्यांचा होता.

त्या दुसऱ्या नव्या भागाला मावशीचं काम येत नव्हतं. शनिवारपासून पत्रं येऊ लागली. मी माणसांना मावशीकडे न नेता भलत्याच घरात सोडत होतो. एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनआधीच्या सूचना लोकांना न येणाऱ्या भाषेत दिसल्या. आदल्या दिवशी डोळ्यांत थेंब घालायचे होते, ते कुणी घातले नाहीत. अकरा जणांची ऑपरेशनं पुढे गेली. त्यांतली एक आजी दोन बस बदलून आली होती. ती तशीच परत गेली.

बाबांनी दोन तासांत मावशीचा नियम परत बसवला. मी पुन्हा चौदा ओळींचा झालो. मग ते खुर्ची फिरवून ठमीकडे वळले. आवाज चढलेला नव्हता.

"नियम तू काढलास, त्याचं काही नाही. नवा माणूस काढतोच. मीही काढला असता तुझ्या वयात. पण चाचणीने ओरडायला हवं होतं. चाचणी कुठे गेली?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

"मी चाचण्यांना हात नाही लावला बाबा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. "मग मीच काढली असणार. बुधवारी मी ती फाईल आवरत होतो. त्यात ती गोळी." मग ते म्हणाले, "आठवत कसं नाही पण?"

मी शेजारच्या फायलीतच होतो. मला सगळं माहीत होतं. पण मला दोनच शब्द येतात, आणि तेही कुणी भाषेचा कोड विचारला तरच.

बाबांनी ती चाचणी पुन्हा लिहून ठेवली आणि सगळ्यांना एक पत्र लिहिलं. "नियम गेला, तो मी न वाचता जाऊ दिला. चाचणी गेली, ती माझ्याच हातून. मला ते आठवत नाही, हे जास्त वाईट. माझ्या जागी दुसरा माणूस नेमावा." मास्तरांनी फोन केला. "अहो, तुम्ही चुकलात म्हणून आमच्यासारख्यांना जरा धीर आला. कशाला सोडता?" बाबा म्हणाले, "चुकण्याचं काही नाही मास्तर. विसरणाऱ्याने दारात उभं राहू नये."

सोमवारी ठमी नोकरीवर रुजू झाली. पहिला महिना झाला की सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग सहा महिने झाले की, असं ठरवलं. मला हे माहीत आहे, कारण घरी आली की ती कधीकधी या खुर्चीत बसायची, माझी फाईल उघडायची आणि एक्केचाळिसावी चाचणी वाचून बंद करायची.

बाबांनी एक वही केली. गॅस बंद केला, लिहिलं. कुलूप लावलं, लिहिलं. आईंच्या आग्रहाने ते डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, पाच वस्तूंची नावं विचारली आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे." बाबा घरी येऊन म्हणाले, "चांगली आहे मुलगी. पण तिला चाचणीचं कुठे माहीत आहे?"

तुम्हाला वाटेल, मग ते खचले असतील. तसं झालं नाही, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो. मला सांभाळायचं काम मास्तरांकडे गेलं, आणि माझी फाईल बाबा क्वचितच उघडू लागले. मी थोडा एकटा पडलो. मास्तर कामाला चोख, पण ते माझ्यापाशी पाय हलवत बसत नसत. बाबांनी स्वतःसाठी एक लहानसं काम मागून घेतलं होतं, यादीत नव्या भाषा घालायचं. एका वेळी एक ओळ. ते म्हणत, "यात विसरण्यासारखं काही नाही." पण त्या एका ओळीसाठी ते चार-चार दिवस घालवत. त्या भाषेतले आकडे शिकत, एक ते दहा, आणि आईंना म्हणून दाखवत. आई म्हणत, "सात जरा ओढून म्हणता तुम्ही." आईंना त्यातली एकही भाषा येत नव्हती. नऊ वर्षांत त्यांनी एकशेतीस भाषा घातल्या. लोक पत्रं पाठवत. एका बाईंनी त्यांच्या भाषेतल्या पहिल्या पानाचं चित्र पाठवलं. त्यावर बोट ठेवून उभी असलेली त्यांची म्हातारी सासूही त्यात होती. बाबांनी ते "चालेल" शेजारी लावलं. त्या खुर्चीत बसलेला माणूस समाधानी होता. फक्त कुलूप लावलं की तो परत फिरून बघायचा.

त्यांना खरं काय ते कळलं होतं का? मला कितीदा तरी वाटतं, कळलं असावं. मग वहीची पानं आठवतात, आणि वाटतं, नसावं. हो आणि नाही या दोन शब्दांवर माझं आयुष्य गेलं, पण इथे मला त्यांतला एकही म्हणता येत नाही.

मित्रांनो, आम्ही जुनी कामं फार बोलत नाही. आमच्यातली एखादी ओळ, एखादी चाचणी तुम्हाला निरुपयोगी वाटेल. ती कुठल्या तरी म्हाताऱ्या खलाशासाठी ठेवलेली असते, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. ती काढायची झाली तर जरूर काढा. पण आधी विचारा. ज्याने ती ठेवली तो माणूस अर्ध्या तासात दाताच्या डॉक्टरकडून परत येणार असतो. आणि विचारायचं राहिलंच, तर निदान त्याने विचारल्यावर तरी सांगा. एवढीच माझी विनंती आहे.

बाबा गेल्याला आता तीन आठवडे झाले. काल सकाळी मास्तरांचा फोन आला. ठमी बाबांच्या खुर्चीत बसली होती, आई मागे पलंगावर कागद लावत होत्या. मास्तर पडद्यावर दिसत होते. ते आता फार म्हातारे झाले आहेत.

"नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्यात," ते म्हणाले. "मी लिहिल्यात. वाचून दाखवतो. चुकलं तर सांगा. मला सगळे भितात, कुणी सांगत नाही."

त्यांनी चष्मा वर सारला आणि वाचलं. बाबांनी मला लिहिलं, ते आलं. एकशेतीस भाषा आल्या. मग आलं, "उतारवयात स्मरणशक्ती साथ देईना, तेव्हा त्यांनी ते स्वतःहून सर्वांना सांगितलं आणि जबाबदारी सोडली. आपण विसरतो हे इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही."

आईंचे हात थांबले. "खरं आहे हो," त्या म्हणाल्या. "विसरायला लागले होते. पण त्याचा कुणाला त्रास नाही होऊ दिला. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच सांगते."

"तर मग एवढंच छापतो," मास्तर म्हणाले. "बरोबर आहे ना, ठमाबाई? तुमचं 'हो' आलं की पाठवून देतो."

हा माझ्या ओळखीचा प्रश्न होता. हो, किंवा नाही. हो म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. चार ओळी चांगल्या होत्या, आणि मास्तरांच्याच शब्दावर तिची नऊ वर्षांची नोकरी उभी होती. हजारो दारांत मी उभा होतो. त्याही क्षणी कुठे कुठे माणसं येत होती आणि मी त्यांना वाट दाखवत होतो. पण या एका दारात मला पुढे होता येत नव्हतं.

ठमीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"नाही मास्तर," ती म्हणाली. "हे छापू नका. ती चाचणी मी काढली होती. बाबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा. त्यांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोलले."

मास्तरांनी हातातला कागद हळूच खाली ठेवला.

तिने खुर्ची मागे वळवली. आई पलंगावर तशाच बसल्या होत्या, मांडीवर कागद, तिच्याकडे बघत.

"आई, ऐकतेस ना? बाबा काहीच विसरले नव्हते."